बऱ्या दिवसांतलं औषध

दुखण्याला शेवट असतो असं आपण धरून चालतो. ताप येतो, उतरतो. कावीळ झाली की पथ्य होतं आणि महिन्याभरात डोळे पुन्हा पांढरे होतात. हाड मोडलं तर प्लास्टर निघण्याची तारीख ठरलेली असते. म्हणून भेटायला येणारं माणूस जाताना विचारतं, ‘आता पूर्ण बरं आहे ना?’ मला या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराचा हा दाह. तो गुदाशयापासून सुरू होतो आणि मध्ये कुठेही जागा न सोडता वर सरकतो. कुणाचा गुदाशयातच थांबतो, कुणाचा सगळं मोठं आतडं व्यापतो. माझा डाव्या बाजूपुरता आहे. धाकट्याच्या बाळंतपणानंतर तो सुरू झाला आणि धाकटा आता कॉलेजात जातो. इतकी वर्षं मी आजारी आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं मला काहीही त्रास नव्हता. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. लोकांना यातलं कुठलंही एकच पटतं.

आतड्यात अब्जावधी जंतू वस्तीला असतात. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना ओळखते आणि सोसते. काही माणसांत हे सोसणं बिघडतं आणि प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. थोडा वाटा अनुवंशाचा असतो, थोडा राहणीचा. हा पाश्चात्त्यांचा आजार, आपल्याकडे नाही, अशी समजूत बरीच वर्षं होती. मग लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात पाहणी केली, २००३मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि लाखामागे ४४ माणसांना कोलायटिस असल्याचं दिसलं. म्हणजे आजार इथे होता, त्याला नाव मिळत नव्हतं. आमच्याकडे रक्त दिसलं की मूळव्याध आणि शेम दिसली की आव, असे दोनच कप्पे आहेत. दोन्हींवर घरात औषध तयार असतं. कुड्याची साल, बेलाचा मुरंबा, डाळिंबाची साल, ताक. त्यात वर्ष निघून जातं. बाईमाणसाचं जास्तच जातं, कारण रक्त पडतंय हे ती कुणाला सांगत नाही. मला सांगायची वेळ आली ती जिना चढताना धाप लागली तेव्हा. हिमोग्लोबिन इतकं खाली आलं होतं की डॉक्टरांनी पहिला प्रश्न पोटाचा नव्हे, पाळीचा विचारला.

‘तिखट खातेस म्हणून’ आणि ‘फार विचार करतेस म्हणून’ ही दोन कारणं मला इतक्या जणांनी सांगितली आहेत की इथे स्पष्टच लिहिते. तिखटाने हा आजार होत नाही. ताणाने त्रास वाढू शकतो, पण शांत स्वभावाच्या माणसालाही तो होतो. ज्याला आधीच दिवसातून अनेकदा उठून जावं लागतंय, त्याच्या डोक्यावर ‘तूच ओढवून घेतलंस’ हे ओझं ठेवू नये.

माझ्या नणंदेच्या मुलीची गोष्ट यापुढची. ती साताऱ्यात वाढली, पुण्यात शिकते. वजन उतरत होतं, संध्याकाळी कणकण यायची, पोटात उजवीकडे खाली दुखायचं. दुर्बीण घातली तेव्हा लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे जखमा दिसल्या. आणि तिथे आपल्या देशातल्या प्रत्येक पोटाच्या डॉक्टरपुढे उभा राहणारा प्रश्न उभा राहिला: हा क्रोन्स, म्हणजे माझ्या कोलायटिसचाच भाऊबंद, की आतड्याचा क्षय? दोन्ही त्याच जागी येतात, दोन्हींत ताप, दोन्हींत वजन जातं, दोन्हींत आतडं आक्रसून अरुंद होतं. तुकडा तपासला तरी अनेकदा निकाल धड लागत नाही. तिचाही लागला नाही.

अशा वेळी चूक कुठल्या बाजूने झाली तर कमी नुकसान, हे बघावं लागतं. क्षय असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर क्षय अंगभर पसरू शकतो. क्रोन्स असताना क्षयाची औषधं दिली तर काही महिने वाया जातात. म्हणून तिला आधी क्षयाची औषधं सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण करून जखमा भरल्या का बघायचं ठरलं. त्या महिन्यांत आमच्या घरात जे चाललं होतं ते मी विसरणार नाही. क्षय हा शब्द आमच्या आजेसासूबाई मोठ्याने उच्चारत नसत. त्याच घरात माझी नणंद देवापुढे हात जोडून म्हणत होती, ‘टीबीच निघू दे.’ टीबी निघाला असता तर सहा महिन्यांचा कोर्स होता. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली असती. सहा महिन्यांनी कॅलेंडरवर फुली मारून मुलगी मोकळी झाली असती. तिला भीती वाटत होती ती आजाराच्या नावाची नव्हे, शेवटची तारीख नसण्याची. दुसऱ्या दुर्बिणीत जखमा होत्या तशाच होत्या.

हा घोळ नवा नाही. १९१३मध्ये ग्लासगोचे शल्यविशारद डॅलझिल यांनी आतड्याच्या अशा रोग्यांबद्दल लिहिलं होतं, ज्यांचा आजार क्षयासारखा दिसत होता पण क्षयाचे जंतू सापडत नव्हते. १९३२मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी त्याला स्वतंत्र आजार म्हणून मांडलं. नावं वर्णानुक्रमे छापली गेली आणि क्रोन यांचं पहिलं होतं, म्हणून आजार त्यांच्या नावावर गेला. कोलायटिस अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही येऊ शकतो, मध्ये निरोगी पट्टा सोडून पुढे उगवतो आणि आतड्याची भिंत आरपार पोखरतो. म्हणून त्यात आतडं अरुंद होणं, भगंदर होणं हे जास्त. आम्हा दोघींना लोक ‘तोच तुमचा पोटाचा आजार’ म्हणतात, पण तिची वाट माझ्यापेक्षा अवघड आहे आणि ते मला तिच्यापासून लपवावंसं वाटलं नाही.

माझं रोजचं औषध मेसालामिन. त्याची हकिगत मला मनापासून आवडते. स्वीडनच्या नान्ना स्वार्ट्झ या डॉक्टरबाई. १९३७मध्ये त्या कॅरोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक झाल्या. संधिवात जंतूंमुळे होतो असं तेव्हा मानत, म्हणून जंतू मारणारं सल्फा आणि सूज उतरवणारं सॅलिसिलिक आम्ल यांची जोड असलेलं सल्फासॅलझिन त्यांनी पुढे आणलं. ते सांध्यांसाठी होतं. ज्यांना सांध्यांबरोबर आतड्याचाही त्रास होता, त्यांचं आतडं सुधारू लागलं. माझेही गुडघे आतड्याबरोबरच दुखतात, त्यामुळे त्या पहिल्या रोग्यांशी माझी ओळख असल्यासारखं वाटतं. या जोडीतला नेमका कुठला भाग काम करतो, हे कळायला १९७७ साल उजाडलं. ऑक्सफर्डमध्ये बांगलादेशचे डॉक्टर आझाद खान आणि त्यांचे सहकारी पिरिस व ट्रुलव्ह यांनी रोग्यांना तीन वेगवेगळे एनिमा दिले: अख्खं औषध, नुसतं सल्फा आणि नुसता सॅलिसिलिक आम्लाच्या कुळातला भाग. गुण सल्फाचा नव्हता. उरलेला भाग म्हणजे आज मी घेते ते मेसालामिन. रात्री झोपताना एनिमा घेऊन डाव्या कुशीवर पडून राहायचं, कारण मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे आहे आणि औषध तिथवर पोचायला हवं. पहिल्या दिवसांत हे करताना मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर त्या तीन डॉक्टरांच्या प्रयोगाबद्दल वाचलं. तिथल्याही कुणीतरी असंच कुशीवर पडून औषध पोटात धरून ठेवलं असेल आणि त्यांच्यामुळे माझ्या हातात नेमकं औषध आलं, हे मनात आलं आणि अवघडलेपण गेलं.

स्टिरॉइडबद्दल बायका फार घाबरतात. घाबरण्यासारखं आहेही. चेहरा गोल होतो, भूक खवळते, झोप उडते, हाडांतलं कॅल्शियम कमी होतं. माझी थोरली बहीण त्या दिवसांत मला म्हणाली, ‘तब्येत छान सुधारली गं!’ आणि मला बाथरूममध्ये जाऊन रडावं लागलं. पण स्टिरॉइड नव्हतं तेव्हा काय होत असे, हेही सांगायला हवं. पहिल्या जोराच्या झटक्यातच पुष्कळ माणसं दगावत. १९५५मध्ये ट्रुलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिझोनची रीतसर चाचणी छापली आणि ते चित्र पालटलं. त्यांनी जोराचा झटका ओळखण्याची जी मोजमापं दिली ती आजही डॉक्टर वापरतात: दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्तासह जाणं, आणि त्याबरोबर ताप, ९०च्या वर नाडी किंवा बरंच घसरलेलं हिमोग्लोबिन. असं झालं तर फोनवर सल्ला विचारत बसू नये, दवाखान्यात जावं. हे मी फ्रिजवर लिहून चिकटवलं आहे, माझ्यासाठी नव्हे, घरच्यांसाठी. त्या अवस्थेत रोगी स्वतः ‘उद्या बघू’ म्हणतो.

स्टिरॉइड हे झटका आवरण्याचं औषध. ते पायरीपायरीने उतरवायचं असतं, बहुधा ४० मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला ५ने. एकदम तोडायचं नाही, आणि वर्षानुवर्षं चालूही ठेवायचं नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं, जेव्हा सगळं थांबतं. मुरडा थांबतो, रक्त थांबतं, रात्रीची झोप सलग लागते. माणूस पुन्हा बाजारात जातो, लग्नाला जातो. याला डॉक्टर रेमिशन म्हणतात. आजार गेलेला नसतो, शांत असतो. त्या शांततेत सकाळी गोळी घ्यायची असते. मला या आजारातलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. दुखत असताना औषध घेणं सोपं आहे, दुखणं स्वतःच आठवण करून देतं. काहीही होत नसताना घेतलेली गोळी कशासाठी, हे शरीर सांगत नाही. त्यासाठी समजून घ्यावं लागतं. मला बरं वाटत असतानाही आतड्यात दाह शिल्लक असू शकतो. शौचाच्या नमुन्यातलं कॅलप्रोटेक्टिन मोजलं की तो लक्षणं दिसण्याआधी कळू शकतो. गोळी बंद केली तर झटका परत येण्याची शक्यता वाढते. दाह वर्षानुवर्षं धुमसत राहिला तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, म्हणूनच साधारण आठ वर्षांनंतर ठरावीक काळाने दुर्बीण करून बघावं लागतं. घरातल्या मोठ्यांना हे पटत नाही. ‘बरी आहेस ना, मग कशाला रोज पोटात विष?’ असं सासूबाई प्रेमानेच म्हणत. त्यांना मी एकदा त्यांच्याच रक्तदाबाच्या गोळीबद्दल विचारलं. त्यानंतर माझी गोळी त्या स्वतः पाण्याच्या तांब्याशेजारी काढून ठेवू लागल्या.

खाण्याचं सांगायचं तर माझा डॉक्टरांपेक्षा पाहुण्यांशी जास्त संबंध आला. आपल्याकडे आग्रह हे प्रेम आहे. मी ते कधी नाकारलं नाही, आणि वाढणाऱ्याचा चेहरा पडलेला मला बघवत नाही. पण झटक्यात आतड्याला जड, चोथ्याचं अन्न सोसत नाही. तेव्हा माझा आहार मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला बटाटा, दुधी, पिकलेलं केळं, सोसलं तर ताक. बाजरीची भाकरी, पावट्याची उसळ, शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी हे सगळं बाजूला. झटका ओसरला की बहुतेक सगळं परत येतं, आणि यायला हवं. या आजारात सगळ्यांना लागू पडेल असा एकच आहार नाही. एकाला दूध चालत नाही, दुसऱ्याला चालतं. मी अशा बायका बघितल्या आहेत ज्यांनी सांगोवांगी एकेक पदार्थ सोडत शेवटी वरणभातावर वर्षं काढली आणि आजाराने नव्हे, उपासमारीने वाळल्या. मला वाटतं, रोग्याने सोडण्याची यादी करू नये. जे चालतं त्याची यादी करावी आणि ती वाढवत न्यावी. मी चातुर्मासातले उपास सोडले तेव्हा मात्र मन फार कातर झालं होतं. शेजारच्या आजींनी बोलावून सांगितलं, ‘वेळेवर जेवणं हेच तुझं व्रत समज.’ त्या आजींना कोलायटिस काय ते माहीत नव्हतं. पण त्यांच्या एका वाक्याने मला जी मोकळीक मिळाली, ती छापील आहारपत्रिकेने मिळाली नव्हती.

आणि मग संडासाचं. हे लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि याच ठिकाणी बहुतेक लिहिणारे थांबतात. मी डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला जात असे. लोकलच्या डब्यात संडास नसतो. या आजारात कळ आली की हाताशी मिनिटं असतात, कधी तीही नसतात. जो तासाभराचा प्रवास बाकीच्या बायका भाजी निवडत, गप्पा मारत करतात, तो मी स्टेशनं मोजत करत होते. कुठल्या स्टेशनावर उतरता येईल, तिथलं शौचालय कुठल्या टोकाला, कुलूप असतं का, पाणी असतं का. पिशवीत जादा कपडे आणि पुडीत सुटे पैसे. मुंबईत बायकांच्या संघटनांनी २०११च्या सुमारास ‘राइट टू पी’ची चळवळ उभी केली, तेव्हा मागणी साधी होती: पुरुषांना मुतारी फुकट असते, मग बाईला पैसे का आणि तिच्यासाठी जागाच का नाही? आमच्या आजाराचं नाव त्या मागणीत नव्हतं, तरी ती मला माझी मागणी वाटली.

माझ्या घरात निदान दाराआड संडास आहे. डॉक्टरांच्या बाहेर थांबलेली असताना लालबागकडच्या एका बाईंशी ओळख झाली. त्यांच्या चाळीत सामाईक संडास, सकाळी रांग. रांगेत उभं राहून, मागच्या माणसांची थाप दारावर पडत असताना, पुन्हा पुन्हा जाणं. त्यांनी त्यावर उपाय काढला होता: संध्याकाळपर्यंत काही खायचंच नाही. रक्त जात असलेल्या शरीराला दिवसभर उपाशी ठेवून त्या चार घरची धुणीभांडी करत होत्या. औषध त्यांना परवडत होतं, डॉक्टर चांगले होते. कमी होतं ते कडी लागणारं एक दार. या आजाराची काळजी कशी घ्यावी असं कुणी विचारलं तर मला गोळीच्या आधी ते दार आठवतं. शाळेच्या वर्गशिक्षकांनी, साहेबांनी, परीक्षेच्या पर्यवेक्षकांनी न विचारता उठून जाण्याची मुभा दिली तर आमच्यासारख्या माणसाचं अर्धं आयुष्य सोपं होतं. त्यासाठी सरकारी योजना लागत नाही. मान हलवली तरी पुरतं.

नणंदेच्या मुलीला आता अझाथायोप्रिन चालू आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत वारंवार रक्त तपासावं लागलं, कारण काहींच्या पांढऱ्या पेशी या औषधाने झपाट्याने घसरतात. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला एक बदल अनेकदा त्यामागे असतो आणि तो आशियाई लोकांत जास्त आढळतो. तिचं निभावलं. पुढे लागलीच तर इंजेक्शनं आहेत. इन्फ्लिक्सिमॅब क्रोन्ससाठी १९९८पासून अमेरिकेत वापरात आलं, आता इथेही मिळतं. त्याने दबलेला क्षय उसळू शकतो म्हणून आधी त्याची तपासणी होते. खर्च मोठा आहे. त्याची चिंता आम्ही त्या वेळी करू.

आज तिची चिंता वेगळी आहे. तिला एक मुलगा आवडतो, तोही तिच्याच कॉलेजातला, आणि येत्या महिन्यात त्याच्या घरची माणसं साताऱ्याला येणार आहेत. ती मला भेटायला डोंबिवलीला आली आणि म्हणाली, ‘मामी, सांगायचं ना?’ तिच्या आईला नको होतं. मुलीच्या बाबतीत असं सांगितलं की ठरलेलं मोडतं, ही नणंदेची भीती खोटी नाही. मी अशी दोन लग्नं मोडलेली पाहिली आहेत. पण रोजची गोळी एकाच घरात किती दिवस लपवणार? आणि पुढे मुलाबाळांचा विचार येईल तेव्हा? आजार शांत असताना दिवस राहिले तर बाळंतपण बहुधा नीट पार पडतं. त्या काळातही बरीचशी औषधं चालू ठेवता येतात, फक्त कुठली चालतील आणि कुठली आधी बंद करायची हे डॉक्टरांबरोबर ठरवावं लागतं. नवऱ्यापासून लपवून हे व्हायचं कसं? मुलाला तिने आधीच सगळं सांगितलं आहे. प्रश्न त्याच्या आईवडिलांचा होता.

म्हणून आम्ही दोघी बसलो आणि काय बोलायचं ते कागदावर उतरवलं. रडवेलं नको आणि लपवाछपवी नको, एवढं ठरलं होतं. बरीच खाडाखोड झाल्यावर तीन वाक्यं राहिली: ‘मला आतड्याचा क्रोन्स नावाचा आजार आहे. तो संसर्गाचा नाही आणि आज मी बरी आहे. औषधं मात्र बरी असतानाही कायम घ्यावी लागतात.’ नणंदेने कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, ‘वहिनी, पहिली दोन ठीक आहेत. तिसरं गाळूया ना.’ मुलीने कागद तिच्या हातातून घेतला, तिसऱ्या वाक्याखाली रेघ ओढली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.